भटूचा हात आणि हिलालची भाकरी

...आणि वरून म्हणतात काय, तर जाऊ द्या भटूभाऊ, जीव वाचला ना! आता मला सांगा, जीव वाचला हे सांगायला माणसं यावी लागतात का? ज्याचा वाचलाय त्याला ते माहीत नसतं? पण नाही, आख्खी चाळ आली, उधन्याच्या रेल्वेलायनीपलीकडची सगळी खानदेशी मंडळी आली, कुणी अमळनेरचा, कुणी पारोळ्याचा, जो तो उंबऱ्यात चपला काढतो, भटूच्या पट्टी बांधलेल्या उजव्या हाताकडं बघतो, च्च च्च करतो, चहा पितो आणि निघताना तेच सांगतो. आणि चहा कोण करणार? प्रमिलाबाई. नवऱ्याचा हात गेलाय, डोळ्याला पदर लावलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतेय, साखर किती...

तर हा भटू. लूमच्या कारखान्यात, म्हणजे सुरतेत ज्याला सगळे नुसतं 'खातं' म्हणतात तिथं, जुना कारागीर. त्र्याहत्तरचा उन्हाळा. चालू मशीनच्या पट्ट्यात उजवा पंजा ओढला गेला, आणि इस्पितळातून घरी आला तेव्हा त्या पंजाचा अंगठा आणि शेजारचं अर्धं बोट, एवढंच काय ते सोबत आलं. शेठनं काहीतरी हातावर ठेवलं आणि हात जोडले. आता ज्याला जोडायला दोन हात नाहीत, त्यानं हात जोडणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण तुम्हाला सांगतो, हात गेला होता, जीभ जागेवर होती. आणि ती जीभ दिवसभर घरात! आधी खात्यात मशीनच्या आवाजात ती कुणाला ऐकू जायची नाही, आता एकाच खोलीत, खाटेवरून, सकाळपासून... चहा उकळला नाही, डाळ शिजली नाही, ही फोडणी करपली, ते झाकण सरकलं. प्रमिलाबाई शेवटी म्हणाली, मशीननं चुकीचा अवयव नेला. म्हणाली आणि मग भिंतीकडं तोंड करून किती वेळ तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच तांदूळ.

घर तर चालायला हवं. प्रमिलाबाईला त्याच भागातल्या एका खात्यात कांड्या भरायचं, म्हणजे लूमसाठी सूत कांड्यांवर गुंडाळायचं काम मिळालं. आता बाई कामावर गेल्यावर चूल कुणाकडं? हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही, कारण त्याचं उत्तर घरातच होतं, तेरा वर्षांचं, दोन वेण्या घातलेलं. उषा. मराठी शाळेत सातवीत, वर्गात पहिली येणारी. जून उजाडला, शाळा उघडली, आणि पहिल्याच दिवशी माय म्हणाली, उषा, तू आता घरी थांब. बस, एवढंच. ना रडणं ना भांडण. उषानं दप्तर खुंटीला लावलं आणि परात पुढं ओढली.

आणि थोरला? हिलाल. सोळा वर्षांचा धडधाकट, मिसरूड फुटलेला, अकरावीत. तो बहिणीनं वाढलेलं जेवायचा, बोटं चाटायचा, आरशात बघून भांग पाडायचा आणि निघून जायचा. शाळेत तो, घरी ती. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, कारण कुणालाच वाटत नव्हतं... भटूलाही नव्हतं वाटलं. पण खाटेवर पडून असलेल्या माणसाला दुसरं दिसणार काय? समोर खुंटी, खुंटीवर दप्तर. सकाळी डोळे उघडले की दप्तर. दुपारी कूस बदलली तरी तेच. आणि एक दिवस त्यानं पाहिलं की उषा भाकरी थापता थापता पिठात बोटानं गणित मांडते आहे, उत्तर आलं की थाप मारून मोडते आहे. गणित गेलं, भाकरी उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल कंगवा घेऊन आरशापुढं उभा, तर खाटेवरून आवाज आला.

"हिलाल, परात घे."

पोराला वाटलं, सरकवायची आहे. त्यानं सरकवली.

"सरकवू नको. बस तिच्यापुढं."

हिलाल बहिणीकडं बघतो, बहीण मायकडं, माय नवऱ्याकडं. प्रमिलाबाई डबा भरत होती, तिला वाटलं या माणसाला ताप आला असावा. तिनं समजावलं की पोरगा आहे तो, त्याला काय कळतंय, आणि शिकवणार कोण, मला तर निघायचंय. भटू म्हणाला, मी शिकवीन. तुम्ही? हो, मी. तुम्हाला येतं?

आणि मग ते बाहेर आलं. हा भटू पहिल्यांदा सुरतेला आला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. कतारगामला एका खोलीत सगळे खानदेशी सडे बाप्ये, कुणी दिवसपाळीचा, कुणी रातपाळीचा, आणि स्वयंपाक आळीपाळीनं. त्यात भटूची पाळी आली की रातपाळीवाले झोप मोडून जेवायला उठायचे, इतका हात चांगला. कळण्याची भाकरी, डुबुकवडे, घोटलेली डाळ, सगळं यायचं. मग लग्न झालं, प्रमिलाबाई आली, आणि... आता येत असलेली गोष्ट येते म्हणून कुणी पुरुष सांगत बसतो का? कुणी विचारलंच नाही, भटू म्हणाला.

प्रमिलाबाईनं डबा खाली ठेवला. बाळंतपणानंतर महिन्याभरात मी उठून भाकऱ्या थापल्या, तापात थापल्या, तुम्ही खाटेवर बसून म्हणायचात, जरा जाड झाली... आणि तुम्हाला येत होत्या? हात तर गेलाच होता, त्या वेळेला जीभही जागेवर सापडली नाही.

पण शिकवणं सुरू झालं. उषा सकाळच्या शाळेत परत जायला लागली, हिलालची शाळा दुपारची. म्हणून सकाळ हिलालची, संध्याकाळ उषाची, आणि खाटेऐवजी पाटावर बसलेला भटू दोन्ही वेळेचा. त्यात ते वर्ष कसलं? दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी म्हणजे... थापायला घ्यावी तर कडेनं तडकते, उचलावी तर हातात दोन तुकडे. हिलालची पहिली भाकरी तव्यावर पोचलीच नाही. दुसरी पोचली, पण तीन भागांत. पोरगा चिडला, म्हणाला पीठच खराब आहे. भटू म्हणाला, पीठ तेच आहे जे सगळ्या चाळीत आहे. पाणी उकळलं होतंस? कोमट केलं होतं. का? घाई होती. कुणाला घाई होती, पिठाला? पाणी उकळू दे, खळखळू दे, मग पीठ टाक, झाक, आणि गप्प बस. आणि सोळा वर्षांच्या पोराला सगळं सांगा हो, पण गप्प बस म्हणून सांगू नका! तो बोटानं झाकण उचलून बघायचा, भटू ओरडायचा, तो झाकायचा, परत उचलायचा...

आणि नुसती भाकरी थोडीच? वांगी आणायला पाठवलं तर पोरगा किडकी घेऊन आला, भटूनं परत पाठवलं. जा, बदलून आण. कसं मागू? तोंडानं. भाजीवाली गुजराती, हा लाजून मराठीत पुटपुटणार, ती बदलून देणार नाही. तिसऱ्या खेपेला 'मासी, आ सडेलुं छे' असं म्हणाला, न भांडता, डोळ्याला डोळा देऊन, आणि चांगली वांगी घेऊन आला. आल्यावर ती वांगी त्यानं बापापुढं अशी ठेवली, जणू शिकार करून आणली. आणि कतारगामच्या खोलीतला एक नियम भटूनं दोघांनाही पाठच करायला लावला. वाढायला घेताना जो अजून आला नाही, त्याचं आधी काढून झाकायचं. मग आपलं. हिलालनं विचारलं, का, उरलेलं ठेवलं तर चालत नाही? भटू म्हणाला, रातपाळी करून येशील तेव्हा कळेल, उरलेलं आणि ठेवलेलं यात काय फरक असतो ते.

प्रमिलाबाईची मात्र पंचाईत. खात्यात दुपारी डबे उघडायचे, सगळ्या बायका एकमेकींच्या डब्यात डोकावणार, आणि हिच्या डब्यात ही अशी, नकाशासारखी भाकरी. कुणी केली गं? आता काय सांगणार? म्हणायची, उषानं. झालं! उषाची बदनामी. तेरा वर्षांच्या पोरीला अजून भाकरी येत नाही, सासरी कसं होणार! हे उषाच्या कानावर आलं तेव्हा ती गप्प राहणारी पोरगी पहिल्यांदा कडाडली. दादाची वाकडी भाकरी माझ्या नावावर का? दुसऱ्या दिवशी तिनं खात्यात डबा उघडला, कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, पोरानं केलीय, हिलालनं, आणि मान खाली घालून जेवायला लागली. आणि काय चव घेत जेवली म्हणे... का, तर खरं बोलल्यावर घास अडकत नाही.

आता हे चाळीत कळायला किती वेळ? शेजारची धुरपदाबाई दारात येऊन उभीच. "काय व माय, आंडोरना हातमा परात दिधी? नि पोर शाळामा?" म्हणजे पोराच्या हातात परात आणि पोरगी शाळेत, असं उलटं कुठं असतं का, असं तिचं म्हणणं. भटू पाटावरून म्हणाला, धुरपदावहिनी, चटणी घेऊन जा, पोरानंच वाटली आहे. बाईनं चटणी नेली. चटणी संपली, बोलणं नाही संपलं. आणि तिचा पोरगा शालिग्राम, हिलालच्याच वर्गातला. त्यानं शाळेच्या दारात सगळ्यांसमोर हाक मारली.

"हिलालबेन, आजे शुं रांध्युं?"

आज काय रांधलंत, हिलालताई! बास, त्या दिवसापासून पोराचं नावच पडलं. बाकावर खडूनं हिलालबेन. पाणी प्यायला उठला की मागून बांगड्यांचा आवाज काढायचे. सोळा वर्षांच्या पोराला काय असतं हो त्याच्याजवळ? ना पैसा ना अक्कल, एक काय ती चारचौघांतली किंमत. तीच गेली.

पोरानं घरी काही सांगितलं नाही. दिवाळीनंतर सहामाही परीक्षा आली. उषाचा गणिताचा पेपर सकाळी. हिलाल परातीपुढं बसला, आणि शालिग्राम दारावरून गेला. काही बोललाही नाही, नुसता हसला. हिलालनं परात लाथेनं उडवली. ओलं पीठ भिंतीवर, भटूच्या सदऱ्यावर, उषाच्या पाटीदप्तरावर. आणि म्हणाला,

"आबा, तुमचा हात गेला म्हणून तुम्ही माझे हात तोडायला निघालात."

आणि निघून गेला.

प्रमिलाबाई त्या दिवशी लवकर कामावर गेलेली. भटू उठला, डाव्या हातानं ओलं पीठ गोळा करायला लागला, जमेना. उषा म्हणाली, सरका आबा. वेणीला लाल रिबिनी बांधलेल्या, अंगात शाळेचा झगा, तशीच ती परातीपुढं बसली. म्हणाली, पेपर काय पुन्हा येईल. भटूला ठाऊक होतं की येणार नाही. एकदा घरी बसली की बसली. कुणाला सांगणार ऊठ म्हणून? कुणाच्या जिवावर?

हिलाल फार लांब गेलाच नव्हता. रेल्वेलायनीपाशी दगडावर बसला. बसला, पण चाळीच्या रस्त्याकडं तोंड करून. कारण रोज त्या वेळेला उषा त्या रस्त्यानं जायची, धावत, एका हातानं रिबीन धरून. त्यानं वाट पाहिली. दुसऱ्या पोरी गेल्या, तिसऱ्या गेल्या. उषा आली नाही. आणि तुम्हाला सांगतो, माणसाला आपण काय केलं ते कधी कुणी बोलून कळत नाही, ते असं मोकळ्या रस्त्याकडं बघून कळतं. तो उठला आणि पळत आला. दारात उभा राहिला, धापा टाकत.

"ऊठ. घंटा होईल."

त्यानं तिच्या हाताला धरून तिला उठवलं, स्वतः बसला. उषा पिठाच्या हातांनीच पळाली, पेपर लिहिला, आणि त्या उत्तरपत्रिकेवर म्हणे जागोजाग ज्वारीचे ठसे. इकडं बापलेक समोरासमोर. कुणी माफी मागितली नाही, कुणी मागायला लावली नाही. भटू एवढंच म्हणाला, पाणी घाल थोडं, सुकलंय. हिलालनं घातलं. भाकरी तव्यावर टाकली, आणि ती टम्म फुगली. रागात मळलं होतं ना, पीठ चांगलं मुरलं होतं! त्यानं पहिली भाकरी ताटलीत काढली, दुसरी ताटली उपडी घालून झाकली. कुणाची? भटूनं विचारलं. उषाची, तो म्हणाला. हात गेला होता, जीभ जागेवर होती, पण तेव्हा भटूला ती वापरायची गरज पडली नाही.

मग चौऱ्याहत्तर उजाडलं. महागाईवरून गुजरातभर पोरं रस्त्यावर उतरली, सुरतेतही कर्फ्यू लागला. दुकानं बंद, खानावळी बंद, शाळा बंद. आणि धुरपदाबाई नेमकी धाकट्या पोराला घेऊन भावाच्या पोरीच्या लग्नाला अमळनेरकडं गेलेली, अडकली तिकडंच. घरात शालिग्राम आणि त्याचा बाप. बाप कधी खात्यात अडकायचा, कधी घरात, आणि दोघांपैकी एकालाही स्टोव्ह पेटवता येत नाही. डब्यात पीठ आहे, डाळ आहे, आणि हे दोघं फुटाणे खाताहेत! भरल्या डब्यांच्या शेजारी बसून उपाशी, याला काय म्हणाल तुम्ही?

फुटाणेही संपले तेव्हा शालिग्राम दारात आला. हातात रिकामी थाळी. हिलालकडं बघेना, भटूशी बोलायला लागला, काका, मायनं सांगितलं होतं की काही लागलं तर... प्रमिलाबाई उठली, दोन भाकऱ्या वाढायला निघाली. हिलालनं तिला थांबवलं. तिला वाटलं, आता हा सूड घेणार. भटूलाही वाटलं. हिलाल शालिग्रामला म्हणाला, थाळी ठेव, परात आण. शालिग्राम म्हणाला, मला येत नाही. हिलाल म्हणाला, मलाही येत नव्हती, आणि त्याच्या खांद्याला धरून त्याच्याच खोलीत घेऊन गेला.

चाळीच्या भिंती त्या, एका विटेच्या. सगळं ऐकू येत होतं. आधी स्टोव्हचा आवाज, मग काहीतरी सांडलं, मग हिलालचा आवाज. पाणी उकळलं? कोमट झालंय. का? भूक लागलीय रे! मग भूक पाण्याला लागलीय का? खळखळू दे. झाक. आता गप्प बस. उचलू नको झाकण, उचलू नको म्हटलं ना... आणि बापाचं काढून ठेव आधी, तो कर्फ्यूत अडकलाय, मग तू गीळ.

पाटावर बसलेला भटू ऐकत राहिला. शब्द त्याचेच, चढउतार त्याचे, खेकसणंही त्याचंच. त्यानं डावा हात तोंडावर ठेवला, आणि खांदे हलायला लागले. प्रमिलाबाईला कळेना हा हसतोय की रडतोय. तिनं भिंतीला कान लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि हात जाऊन वर्ष होत आलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, एकच जीभ सहन होत नव्हती, आता दोन झाल्या.

पुढं शालिग्रामला चांगल्या येऊ लागल्या. धुरपदाबाई परत आली तेव्हा पोरानं तिला बसवून वाढलं. तिनं कुणाला सांगितलं नाही म्हणतात. पण दुसऱ्या पोराला, धाकट्यालाही, तिनं परातीपुढं बसवला, दार लोटून घेऊन.

उषा मॅट्रिक झाली, पीटीसी, म्हणजे शिक्षकाचा कोर्स करून मास्तरीण व्हायला निघाली. हिलालला भटूनं लूमजवळ जाऊ दिलं नाही, तो कतारगामला हिरे घासायला लागला. आणि एकोणऐंशीत त्याच्यासाठी धरणगावची सरला नावाची मुलगी सांगून आली. मुलगीवाले घर बघायला आले, मुलीसकट आले. पोहे दिले. मुलीची आई म्हणाली, लेक सुगरण आहे हो तुमची. उषा म्हणाली, दादानं केलेत. झालं! मुलीचा बाप पोहे गिळायचा थांबला. आई म्हणाली, ज्या घरात बाप्ये रांधतात तिथं आमच्या पोरीनं करायचं काय? भटू समजवायला गेला, पण जीभ कितीही जागेवर असली तरी विहिणीपुढं चालते का? मंडळी उठली. तेवढ्यात सरलानं नळावर हात धुताना उषाला हळूच विचारलं, रोज करतात? उषा म्हणाली, माझी पाळी नसते तेव्हा. सरला आत गेली आणि आईबापांना म्हणाली, मला पसंत आहे. आईनं डोळे वटारले, बापानं समजावलं, पोरगी ऐकेना.

लग्न झालं. घर कसं भरून गेलं! भटूला वाटलं, आता मिटलं सगळं, आता मी निवांत, सून करील, सून वाढील, मी खाटेवर पडून नुसतं खाईन, आणि जाड झाली तरी बोलणार नाही. पूजा झाली, पाहुणे गेले, नव्या सुनेची पहिली सकाळ. सरला आंघोळ करून, हिरव्या बांगड्या सावरत परातीपुढं बसली. बसून राहिली. पीठ समोर, पाणी समोर, आणि ही दोन्हींकडं बघतेय. भटूनं मायेनं विचारलं, काय झालं बाई?

"मामंजी, मला येत नाही."

"भाकरी येत नाही?"

"काहीच येत नाही. म्हणून तर इथं हो म्हटलं."

प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. भटू खाटेवरून उतरून पुन्हा पाटावर येऊन बसला. मग मुलाला म्हणाला,

"हिलाल, तू कामावर जा. इथं वेळ लागणार आहे."